पाणी कुठे मुरतंय

२ नोव्हेंबर

ती. मामा,

तुला फोन करण्यात अर्थ नाही, असं दादाने सांगितलं. तू पलीकडून "हो हो, छान छान" म्हणतोस आणि ऐकू काहीच आलेलं नसतं. परवा त्याने नोकरी गेल्याचं सांगितलं, तर तू अभिनंदन केलंस म्हणे. म्हणून पत्र लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

तू दिलेली गाडी तापतेय. दर गुरुवारी मी आईला टेकडीवरच्या दवाखान्यात व्यायामासाठी नेते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून हे चालू आहे. सपाटीवर गाडी शहाण्यासारखी चालते आणि चढ अर्धा झाला की काटा लाल रेघेकडे सरकायला लागतो. मी बाजूला थांबते, ती निवते, मग पुन्हा निघतो. पाणी कमी झालेलं असतं. भरते, आठवड्यात पुन्हा कमी. खाली जमिनीवर मात्र थेंब नाही.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखवली. आम्ही त्याला उद्याराव म्हणतो, कारण गाडी कधी मिळेल म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं. त्याने थर्मोस्टॅट बदलला. काटा होता तिथेच आहे.

घाई एवढ्यासाठी की तू पंधरा डिसेंबरला कायमचा मुलाकडे चाललास. त्याआधी आईला घेऊन तुझ्याकडे यायचं मी ठरवलंय. मधे घाट आहे. बसच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. ही गाडी घाट चढली तर तुमची भेट, नाहीतर विमान उडालं की संपलं. तुम्हा दोघांच्या वयात पुढच्या वर्षीचे वायदे मी करणार नाही.

काय करू ते लिही.

तुझी भाची

* * *

६ नोव्हेंबर

भाचीबाई,

दादाचं ऐकून वाईट वाटलं. त्याला कळव.

आता गाडी. थर्मोस्टॅट बदलून त्या माणसाने काय मिळवलं ते त्यालाच ठाऊक. गाडी तापते ती पाणी कमी होतं म्हणून. पाणी कमी का होतं ते शोधायचं सोडून हा तापाचं औषध देत बसलाय. मी पाणी म्हणतो ते रेडिएटरमधलं हिरवं पाणी, म्हणजे कूलंट. नळाचं ओतत असशील तर आजपासून बंद. आणि ते सांडलं तर लगेच पूस. गोडसर असतं, मांजरं चाटतात आणि मरतात.

गाडी पाणी पिऊन टाकत नाही. ते कुठेतरी जातंच. बाहेर जातं, इंजिनाच्या पोटात जातं, नाहीतर गाडीच्या आत येतं. चौथी वाट नाही. रात्रभर इंजिनाखाली कोरा पुठ्ठा पसरून ठेव आणि सकाळी डाग बघ. मग गाडी थंड असतानाच तेलाचं झाकण उघड. आतल्या बाजूला दुधाळ साय धरली असेल तर पाणी तेलात मिसळतंय. धुराड्यातून पांढरा धूर सारखा येत असेल तर पाणी जळतंय. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नको. तोंड भाजशील आणि मग तुझ्याच चष्म्याच्या दुकानातला काळा चष्मा तुला घालावा लागेल. त्या झाकणाचं रबर चिरलं असेल तर ते नवीन घे.

शेवटची गोष्ट. ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या मागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो. आम्ही त्याला जाळी म्हणतो. ती फुटली की पाणी आत, पायाशी ठिबकतं. तिथली चटई ओली आहे का बघ. गोड वास येतो का, काचेवर आतून वाफ धरते का, तेही बघ.

मी इकडे गॅरेज आवरतोय. एवढा पसारा मी केला यावर माझाच विश्वास बसत नाही.

तुझा मामा

* * *

११ नोव्हेंबर

ती. मामा,

सगळं बघितलं. पुठ्ठा तीन रात्री ठेवला. शेजाऱ्यांच्या मांजराने त्यावर झोप काढली, बाकी डाग नाही. तेलाच्या झाकणाला साय नाही. धूर पांढरा आहे, पण सकाळी पाच मिनिटंच, आणि या थंडीत माझ्या तोंडातूनही तेवढा येतो. रेडिएटरचं झाकण नवीन घेतलं. फरक नाही.

चटई कोरडीठाक आहे. इतकी स्वच्छ की तिच्यावर पाय ठेवायला संकोच वाटावा. वासाचं म्हणशील तर माझं नाक लहानपणापासून बंद असतं हे तुला माहीत आहे. आईला विचारलं, गाडीत कसला वास येतो का गं? ती म्हणाली, "कसला वास? काही वास येत नाही." आणि आत निघून गेली. काचेवर वाफ धरते, पण गाडीत दोन बायका असल्या आणि त्यातली एक मी असले की तोंड बंद कुठे असतं?

एक सांगायचं राहिलं. हीटर मधेच गार हवा सोडतो.

उद्याराव म्हणतो, इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, खोलून बघायला लागेल. खोलू देऊ का?

तुझी भाची

* * *

१५ नोव्हेंबर

भाचीबाई,

हेड खोलू देऊ नको. निदान माझं पुढचं पत्र येईपर्यंत तरी नको. पाणी कमी झालं की हीटर गार पडतोच, त्यात नवल नाही.

तुझ्या पत्रावरून हिशेब असा लागतो. बाहेर गळत नाही. चटई कोरडी, म्हणजे आतही येत नाही. राहिलं इंजिनाचं पोट, म्हणजे हेडखालचं गॅस्केट, ती पाणी अडवणारी पट्टी. पण गॅस्केट गेलं असतं तर तेल नाहीतर धूर, कुणीतरी चुगली केली असती. दोघंही गप्प आहेत. मला हे पटत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि इथे मी ते शब्दशः म्हणतोय.

उद्यारावाकडे हवेचा हातपंप असेल. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी तो बसवायचा, हवा भरायची आणि पंपाच्या काट्याकडे बघत स्वस्थ बसायचं. काटा उतरला तर गळती आहे. उतरत असताना फुस्स आवाज कुठून येतो ते कान लावून ऐकायचं. हे काम माझ्याकडून आता होणार नाही, पण त्याचे कान तरुण आहेत.

हेड एकदा खोललं की गाडी तीन आठवडे गेली समज. त्याचं नाव विसरू नको. मग पंधरा तारखेचं काही खरं नाही.

गॅरेज परवा रिकामं केलं. हत्यारं पोरांना वाटून टाकली. एक पेटी ठेवली आहे. मुलगा म्हणतो, तिकडे तुम्हाला पान्याला हात लावायची गरज पडणार नाही. ही त्याला चांगली बातमी वाटते.

ताईने माझ्याबद्दल काही विचारलं का? नसेलच विचारलं. असू दे. तू मुद्दाम काही विचारू नको.

तुझा मामा

* * *

२२ नोव्हेंबर

ती. मामा,

पंप लावला. काटा उतरला, अगदी हळूहळू. उद्यारावाने इंजिनाला सगळीकडून कान लावला आणि म्हणाला, "ताई, इथे काहीच बोलत नाही. म्हणजे आतूनच आहे. हेड खोलू." त्याने एक तारखेला गाडी मागितली आहे. मी हो म्हणून टाकलंय.

हो म्हणायचं खरं कारण वेगळं आहे. आता घाई राहिली नाही. आई यायला नाही म्हणते.

आधी म्हणाली पाय दुखतो. मग म्हणाली घाटात मळमळतं. गुरुवारी तर दवाखान्यातही येणार नाही म्हणाली. मी खूप समजावलं तेव्हा आली, पण मागच्या सीटवर बसून. तिथे पाय लांब होत नाही, खुबा ठणकतो, तरी मागेच. मी विचारलं, "आई, तुला मामाला भेटायचं नाही का?" ती म्हणाली, "मला कुठेच जायचं नाही. मला घरात राहू दे."

खरं सांगू? मला वाटतं तिच्या मनातून ते अजून गेलेलं नाही. दादाच्या लग्नाला येताना वाटेत तू कुणाचीतरी बंद पडलेली गाडी चालू करून दिलीस आणि कोपरापर्यंत काळे हात घेऊन मांडवात आलास. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "आधी हात धुऊन ये." तू हात धुवायला गेलास तो परत आलाच नाहीस. तेव्हापासून तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलता. मी टपाल खात्यात नोकरी धरायला हवी होती.

हल्ली तिचं सगळंच बिनसलंय. बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या सांगितलंय, पण ऐकेल तर शपथ. चहातली साखर बंद केली. विचारलं तर म्हणे, आवडत नाही. जिने जन्मभर चहाच्या नावाखाली पाक प्यायला, तिला आवडत नाही! सारखे कपडे धुते. पुढची चटईसुद्धा स्वतः घासून काढते. महिन्याभरापूर्वी तर जुनी टाकून नवीनच आणवली शेजारणीकडून, मला न सांगता. चालता धड येत नाही आणि दवाखान्यातून आलं की चटई काढून न्हाणीघरात घेऊन जाते. मी म्हटलं मी धुते, तर माझ्यावर ओरडली. मागच्या आठवड्यात एकटी बसून रडत होती. मला बघितल्यावर डोळ्यात काहीतरी गेलं म्हणाली.

मला तिची काळजी वाटते, आणि रागही येतो. तू जाणार आणि ती अशी हट्टाला पेटलेली. तिच्यावर रागावू नकोस एवढंच सांगते.

तुझी भाची

* * *

२५ नोव्हेंबर

भाचीबाई,

गाडी उद्यारावाला देऊ नको. हेडला हात लावायचा नाही. त्याला घरी बोलाव आणि पुढच्या सीटसमोरची चटई नव्हे, चटईखालचा गालिचा उचकटायला सांग. त्याच्याखाली जाड स्पंज असतो. तो पिळून बघा.

मी तुला चटई ओली आहे का विचारलं. तू कोरडी म्हणालीस आणि खरंच सांगितलंस. ती दर वेळी धुऊन वाळवली जाते हे लिहायला तुला तिसरं पत्र लागलं. दिवसभर लोकांना "हे दिसतं का, ते दिसतं का" विचारतेस, आणि शेजारच्या सीटवर काय चाललंय ते दिसलं नाही. रागाने म्हणत नाही. मीही हीटर यादीतून खोडून मोकळा झालो होतो.

सोबत बंद पाकीट आहे. ते आधी ताईला दे, मग उद्यारावाला बोलाव. क्रम बदलू नको. पाकीट तू उघडू नको आणि तिला काही विचारूही नको.

तुझा मामा

* * *

२५ नोव्हेंबर

ताई,

आपण इतक्या दिवसांनी बोलतोय आणि मी विषय काढणार तो हा. पण मी मेकॅनिक माणूस, नमनाला तेल घालत बसत नाही.

गाडीत तुझ्या पायाशी जे ओलं होतं ते गाडीचं आहे. तुझं नाही.

पोरीने मला यातलं काही सांगितलेलं नाही, कारण तिला काही कळलेलंच नाही. तिने फक्त तुझ्या तक्रारी लिहिल्या. पाणी पीत नाही, चटई धुते, साखर सोडली. पाण्याचं आणि चटईचं वाचलं तेव्हा गाडीचं दुखणं कळलं. साखरेचं वाचलं तेव्हा तुझं कळलं.

ऑपरेशननंतर महिनाभर तुला लघवी आवरत नव्हती हे मला ठाऊक आहे. तुझ्या मुलानेच तेव्हा कळवलं होतं. ते पुन्हा सुरू झालं असं तुला वाटलं असणार. गाडीत पाय उबदार ओला व्हायचा, मोजे चिकट व्हायचे, आणि वर तो गोड वास. बाबांच्या चादरी शेवटी तूच धुवायचीस. तो वास आपल्या घरात तुझ्याइतका कुणाला माहीत नाही. मधुमेहाने आधी त्यांचे डोळे गेले, मग पाय. आपलीही पाळी आली असं मनात धरून तू कुणाला न सांगता बसलीस. तू अशीच आहेस. दाढ दुखत असताना परीक्षा दिली होतीस आणि निकालानंतर सांगितलंस.

आता नीट वाच. डॅशबोर्डच्या मागे हीटरची जाळी आहे. तिच्यातून गरम हिरवं पाणी फिरतं. ती फुटली की ते बरोबर तुझ्या पायावर येतं. त्याला गोड वास असतो आणि वाळलं की चिकट होतं. खात्री करायची तर बोट लावून बघ. साबणासारखं बुळबुळीत लागेल. पांढऱ्या फडक्याने टीप, हिरवट डाग पडेल. माणसाचं पाणी हिरवं नसतं. आणखी एक, तुझी सीट कधी ओली झाली का? फक्त पाय. तू हुशार आहेस, पण घाबरलेलं माणूस एवढंही बघत नाही.

माझ्या गॅरेजात असं पुष्कळ झालंय. एका गृहस्थाने या वासापायी आपला म्हातारा कुत्रा घराबाहेर बांधला होता. जाळी बदलल्यावर त्याची माफी मागायला त्याने त्याला गाडीत घालून आणला. कुत्र्याने माझ्याच चाकावर पाय वर केला, पण ते वेगळं.

हवं तर रक्त तपासून घे. आणि पाणी पी. खुब्यापेक्षा ते महत्त्वाचं.

यायचं की नाही ते तू ठरव. मला वाटतं, यावंस.

बारक्या

* * *

३० नोव्हेंबर

ती. मामा,

पाकीट दिलं. आई खोलीत जाऊन दार लावून बसली. मग बाहेर आली आणि म्हणाली, "त्या उद्यारावाला बोलाव. आणि उद्या नाही, आज."

तो आला. त्याने गालिचा उचकटला. खालचा स्पंज त्याने हाताने दाबला तर बोटांच्या मधून हिरवं पाणी वर आलं. पिळून पातेलं भरलं. आई काठी टेकत गाडीपर्यंत गेली होती. खुर्ची दिली तर बसली नाही. तिने पातेल्यात बोट घातलं, बोटावर बोट चोळलं आणि विचारलं, "हे गाडीचं आहे?"

"हो मावशी."

"सगळं?"

"सगळं. दुसरं कुणाचं असणार?"

ती हसायला लागली. आधी हसली, मग तिथेच दाराला धरून रडली. उद्याराव घाबरला. त्याला वाटलं, आपण काही चुकीचं बोललो. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मला फार वाईट वाटलं, मामा. मी तिला हट्टी म्हणत होते आणि ती महिनाभर एकटी घाबरत होती. मला सांगितलं का नाही म्हटलं तर म्हणाली, "तू गाडी चालवत होतीस. तुझं लक्ष रस्त्यावर हवं."

तुझ्या सांगण्याप्रमाणे रक्त तपासलं. साखर अगदी बरोबर आहे. रिपोर्ट बघून आल्यावर तिने चहात दोन चमचे साखर घातली, ढवळली, थोडा विचार केला आणि तिसरा घातला.

उद्यारावाने हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप इंजिनाजवळ काढले आणि एका तुकड्याने एकमेकांना जोडून क्लिपा आवळल्या. म्हणजे पाणी आता हीटरकडे जातच नाही. पुन्हा पंप लावला, काटा हलला नाही. काल टेकडी तीनदा चढून उतरलो, मुद्दाम. काटा मध्यावर झोपला होता. नवीन जाळी मिळाली आहे, पण ती बसवायला अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो आणि तो म्हणाला, उद्या बघू. मी जाळी डिकीत टाकली आहे.

हीटरशिवाय घाट चढायचा तर आई गारठेल, म्हणून मी विचारात होते. तिने माझ्याकडून कागद-पेन मागून घेतलंय. पुढचं तीच लिहील म्हणते.

तुझी भाची

* * *

१ डिसेंबर

बारक्या,

तुझं पत्र पोचलं. दाढेचं अजून लक्षात ठेवलंयस.

आम्ही शुक्रवारी सकाळी निघतो. हीटर बंद आहे, तर मी दोन पांघरुणं आणि गरम पाण्याची पिशवी घेते. निघण्याआधी दोन पेले पाणी पिणार आहे आणि वाटेत जिथे वाटेल तिथे गाडी थांबवायला लावणार आहे. पोरीला तसं सांगून ठेवलंय. पुढच्या सीटवर बसेन.

जाळी बरोबर आहे. तू ती एक पेटी ठेवली आहेस असं कळलं. तेव्हा हे काम तूच कर. इथल्या माणसाच्या उद्यावर माझा भरवसा नाही, आणि तुझ्या हाताखालून गेलेलं काम मी कधी परत आलेलं बघितलं नाही. लागेल तेवढा वेळ लागू दे. मी शेजारी खुर्ची टाकून बसते. तुला ऐकू येत नाही ते बरंच आहे, मला खूप बोलायचंय.

काम झालं की जेवायला तसाच ये. हात धुवायला कुठे जाऊ नकोस. पाणी मी तिथेच आणून देईन.

ताई